अंत्ययात्रेला वाट कोण देणार?

खास प्रतिनिधी
भाईंदर

मीरा रोडच्या रस्त्यावरून कोणी, कधी आणि कोणत्या मार्गाने चालावे, हा प्रश्न जुलै 2025 मध्ये राज्यभर गाजला. भाषेच्या वादातून आधी व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला आणि त्याला उत्तर म्हणून 8 जुलैला मराठी संघटना व पक्षांचा मोर्चा निघाला. परवानगी नाकारली गेली, पहाटे धरपकड झाली, मार्गावरून सरकार आणि आयोजक यांच्यात वाद झाला, आणि अखेर मोर्चा निघालाच. विधान भवनातही त्याचे पडसाद उमटले. रस्त्यावरून चालण्याचा हक्क ही किती नाजूक गोष्ट आहे, हे त्या आठवड्यात या शहराने चांगलेच अनुभवले. मात्र याच शहरातून रोज एक यात्रा निघते. तिच्यासाठी कोणी परवानगी मागत नाही, तिची काही मागणी नसते आणि तिच्या मार्गाचा विचार आजवर कोणत्याही बैठकीत झाल्याचे ऐकिवात नाही. ती म्हणजे अंत्ययात्रा.

कायद्याने या यात्रेला एक वेगळे स्थान दिले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश निघतात, तेव्हा पाच किंवा त्याहून अधिक माणसांनी एकत्र येण्यास मनाई होते. पण या आदेशांच्या शेवटच्या परिच्छेदात सहसा एक अपवाद नमूद केलेला असतो : विवाह समारंभ आणि अंत्ययात्रा. शहरात तणाव असो, निवडणूक असो वा सण असो, मृताला स्मशानापर्यंत नेणाऱ्यांना पोलीस अडवत नाहीत. कोविडच्या काळात 2020 साली केंद्र सरकारने अंत्यविधीला वीसहून अधिक माणसांना मज्जाव केला. तो या परंपरेतला फार मोठा खंड होता. एरवी शासनाने या यात्रेला रस्ता दिला आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र तो तिला मिळत नाही.

मीरा-भाईंदरमध्ये हे कसे घडते, ते पाहण्यासारखे आहे. 1985 मध्ये येथे नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली. 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या 2001 मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि 2011 मध्ये आठ लाखांच्या पुढे. त्यानंतरची जनगणना अद्याप व्हायची आहे. ती झाल्यावर आकडा काय निघेल, याचा अंदाज सकाळच्या चर्चगेट लोकलला लोंबकळणाऱ्या कोणालाही करता येईल. शहराचे क्षेत्रफळ कागदावर सुमारे 79 चौरस किलोमीटर असले, तरी त्यातला मोठा भाग जंगल, खाडी, तिवरे आणि मिठागरे यांनी व्यापलेला आहे. माणसे राहतात ती उरलेल्या पट्ट्यात. नवघर, गोडदेव, खारी, पेणकरपाडा, काशी, मीरा या गावठाणांच्या भोवती इमारती उभ्या राहिल्या, शेताच्या बांधांचे रस्ते झाले, आणि गावाची जी वाट पूर्वी स्मशानाकडे जात होती, तिच्यावरच रिक्षा, बसगाड्या, टँकर आणि शाळेच्या व्हॅन धावू लागल्या.

पूर्वी ही वाट गावाच्या बाहेर जात असे. स्मशान वेशीबाहेर, खाडीच्या किंवा ओढ्याच्या कडेला असावे, हा आपला जुना संकेत. गाव वाढले आणि वेस नाहीशी झाली. आता स्मशान वस्तीच्या मध्ये आले असून त्याच्या कुंपणाला लागून बाल्कन्या आहेत. काशिमीऱ्यापासून भाईंदरपर्यंत जाणारा छत्रपती शिवाजी महाराज मार्ग हा शहराचा कणा. त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले. पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत, आणि ते ओलांडायचे तर उड्डाणपूल नाही तर भुयारी मार्ग. खांद्यावर तिरडी घेऊन उड्डाणपूल चढणे कोणालाही शक्य नाही. त्यामुळे बहुतेक कुटुंबांनी खांदा सोडून शववाहिकेचा मार्ग धरला आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिरडी बांधली जाते, फाटकापर्यंत चार जण खांदा देतात, पुढे गाडी. पुन्हा स्मशानाच्या अलीकडे शे-दोनशे पावले खांदा. खरी कुचंबणा होते ती याच शेवटच्या शे-दोनशे पावलांत.

येथे पदपथ नसतो, किंवा असला तर त्यावर गाड्या लावलेल्या असतात. मडके धरलेला मुलगा पुढे चालत असतो. त्याच्या मागे खांदेकरी, त्यांच्या मागे बायका-माणसे. आणि त्या साऱ्यांच्या मागे रिक्षांची रांग. पहिला हॉर्न बहुधा अनवधानाने वाजतो, कारण मागच्याला पुढे काय आहे हे दिसत नाही. दुसरा हॉर्न पहिल्याला उत्तर म्हणून वाजतो. मग एखादा दुचाकीस्वार खांदेकरी आणि दुभाजक यांच्यामधून गाडी काढतो. खांदेकऱ्याचे पाऊल चुकते, तिरडी हलते, कोणीतरी शिवी हासडते. दोन मिनिटांत सारे संपते. पण ज्याच्या घरचे माणूस गेले, त्याच्या मनातून ती दोन मिनिटे जात नाहीत.

हॉर्न वाजवणारा माणूस निर्दय असतो असे नाही. बसमध्ये बसलेले वृद्ध गृहस्थ याच गर्दीत खिडकीतून हात जोडताना दिसतात. रिक्षावाला मीटरवरचा हात काढून कपाळाला लावतो. दुकानदार शटर अर्धे ओढतो. समोरून येणारा तरुण हेल्मेट काढतो. आदराचे हे संस्कार या शहरातून पुसले गेलेले नाहीत, आणि ते एका धर्माचेही नाहीत. जनाजा जात असेल तर अनोळखी माणसानेही चार पावले खांदा द्यावा, ही मुसलमानांची रीत नया नगरच्या गल्ल्यांतून आजही पाळली जाते. परधर्मीयाचा जनाजा पाहूनही प्रेषित उठून उभे राहिल्याची कथा हदीसमध्ये आहे. उत्तन, चौक, पाली, डोंगरीच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत चर्चची घंटा वाजली की कोणाचे तरी बोलावणे आले हे गावाला कळते. जैन साधू-साध्वींच्या अंतिम यात्रेच्या पालखीला गृहस्थ श्रावक रस्ताभर साथ देतात. आगरी-कोळ्यांच्या गावठाणांत तर मयताला न जाणे हा आजही मोठा अपराध मानला जातो. मग इतके संस्कार असलेल्या शहरात शववाहिकेच्या मागे हॉर्न का वाजतात?

त्याचे उत्तर शोधताना एका विस्मरणात गेलेल्या शब्दाची आठवण होते : विसावा. गावाकडे घर आणि स्मशान यांच्या मध्यावर तिरडी खाली टेकवण्याची एक ठरलेली जागा असते. कुठे नुसता दगड, कुठे ओटा, कुठे पिंपळाचा पार. तेथे यात्रा थांबते, खांदेकरी पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात, काही समाजांत घास ठेवला जातो, आणि ज्यांना पुढे जायचे नाही ते तेथूनच परततात. विधीचा अर्थ काहीही असो, त्यात व्यवहाराचे मोठे शहाणपण होते. जड ओझे घेऊन चालणाऱ्या माणसांना थांबायला जागा लागते आणि ती रस्त्याच्या मध्ये नसून रस्त्याच्या कडेला असावी लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. नव्या शहराच्या विकास आराखड्यात उद्यान, बाजार, वाहनतळ, अग्निशमन केंद्र यांना आरक्षण आहे. स्मशान आणि दफनभूमी यांनाही आहे. विसाव्याला नाही. म्हणून आज यात्रा सिग्नलवर थांबते, ज्याचा आकडा साठावरून शून्याकडे पळत असतो.

रस्त्यावर सावकाश चालणाऱ्याला जागाच ठेवली नाही, की सावकाश चालणारा प्रत्येक जण अडथळा ठरतो. मग तो काठी टेकत जाणारा म्हातारा असो, दप्तर सांभाळणारे मूल असो वा तिरडी असो. अंत्ययात्रेच्या वाट्याला येणारा अनादर हा बराचसा या आखणीतून आला आहे, असे आमचे मत आहे. माणसे बिघडली, असे म्हणून उसासा टाकणे सोपे असते. पण त्यामुळे महापालिकेच्या बांधकाम विभागाला हात झटकायला मोकळीक मिळते.

कायदा काय म्हणतो?

कायद्याची मदत येथे फारशी होत नाही. 1989 च्या रस्ता-नियमावलीत, मिरवणुकीला ओलांडताना किंवा समोरून भेटताना वाहनाचा वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा अधिक असू नये, असा स्पष्ट नियम होता. ती नियमावली 2017 मध्ये बदलली. पण मुळात जुना नियम तरी किती जणांना ठाऊक होता? वाहन परवान्याच्या परीक्षेत चिन्हे ओळखायला सांगतात. समोरून तिरडी आली तर काय करावे, हे कोणी विचारत नाही.

दंडाचे कलम आहे. अंत्यसंस्कारासाठी जमलेल्यांना भावना दुखावण्याच्या हेतूने व्यत्यय आणणे हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 मध्ये तीच तरतूद आली. शिक्षा एक वर्षापर्यंतची. पण यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. कामावर उशीर होणाऱ्या, चिडलेल्या वाहनचालकाचा हेतू भावना दुखावण्याचा असतो, असे न्यायालयात सिद्ध करता येणार नाही, आणि तसा प्रयत्न होऊही नये. हे कलम द्वेषासाठी आहे, घाईसाठी नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रुग्णवाहिका, अग्निशमन अशा तातडीच्या वाहनांना वाट न देणाऱ्याला जबर दंड ठेवला. शववाहिका त्यात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. गेलेल्या माणसाला घाई नसते. अंत्ययात्रा आणि रुग्णवाहिका समोरासमोर आल्या, तर बाजूला व्हायचे ते अंत्ययात्रेने. हे कोणत्याही धर्माच्या जाणत्या माणसाला पटवून द्यावे लागणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात, राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहालाही लागू होतो, असे म्हटले. त्या निर्णयाचा आधार पुढे बेवारस मृतदेहांच्या अंत्यसंस्कारापासून कोविडच्या काळातील दफनांच्या वादापर्यंत अनेकदा घेतला गेला. महानगरपालिका अधिनियमात मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. 'विल्हेवाट' हा शब्द कानाला खटकतो, परंतु शासकीय मराठीत तो रूढ आहे. प्रश्न असा की, जागा पुरवली म्हणजे कर्तव्य संपले का? स्मशानाच्या फाटकाआतले छत, लाकडे, विद्युतदाहिनी, पाण्याचे नळ यांसाठी दरवर्षी तरतूद होते. फाटकाबाहेरची शंभर पावले मात्र कोणत्याच विभागाच्या खात्यावर नाहीत.

याउलट, मनात आणले तर रस्ता किती मोकळा होऊ शकतो, तेही या महानगराने पाहिले आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची अंत्ययात्रा राजगृहावरून दादर चौपाटीकडे निघाली, तेव्हा लाखो लोकांनी मुंबईचे रस्ते भरून गेले होते. 18 नोव्हेंबर 2012 रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा वांद्र्याहून शिवाजी पार्कला पोहोचायला जवळजवळ सबंध दिवस लागला, आणि मुंबई थांबली. लोकांचे प्रेम असे रस्ता व्यापते, याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण त्याच वेळी पालघरमध्ये दोन तरुणींना, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर मत लिहिले आणि ते पसंत केले म्हणून अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. 2020 मध्ये स्वतंत्र आयुक्तालय होईपर्यंत मीरा-भाईंदरही त्याच दलाकडे होते. त्या अटकेवरून वरिष्ठ अधिकारी निलंबित झाले आणि ज्या कलम 66 अ खाली कारवाई झाली होती, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केले. पोलिसांच्या धाकाने आदर उभा करता येत नाही, हे तेथे दिसले. आणि मोठ्यांच्या यात्रेला संपूर्ण यंत्रणा राबते, तर सामान्य माणसाच्या यात्रेला एक वाहतूक हवालदारही मिळत नाही, हे रोज दिसते.

तमिळनाडूत वाणियंबाडीजवळ ऑगस्ट 2019 मध्ये घडलेला प्रकार याहून भीषण होता. शेतातून वाट नाकारल्यामुळे दलितांना मृतदेह पुलावरून दोरांनी खाली सोडावा लागला. आपल्याकडेही अनेक खेड्यांत स्मशानाची वाट ही जातीची वाट असते, हे विसरून चालणार नाही. शहरात निदान तो अडसर नाही. येथे तिरडीला रोखणारा जात विचारत नाही, फक्त हॉर्न वाजवतो. हे समाधान मानायचे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

यात्रेकरूंचेही काही देणे

दुसरी बाजूही मांडायला हवी. अंत्ययात्रेत सामील होणारे सगळेच शोकात असतात असे नाही. तिरडीपुढे दुचाकींची फळी करून सबंध रस्ता अडवणारे, समोरून येणाऱ्या वाहनांवर हात आपटणारे, स्थानिक पुढाऱ्याच्या नातलगाच्या यात्रेत आपली हजेरी लागावी म्हणून गाड्या दुहेरी रांगेत उभ्या करणारे अनेक असतात. काही समाजांत वृद्ध माणूस भरल्या घरातून गेला तर वाजतगाजत निरोप देण्याची प्रथा आहे. ती मनोहर आहे. पण भर चौकात फटाक्यांची माळ लावली, तर बाजूच्या दुचाकीवरचे मूल दचकते. लाह्या, फुले, सुटी नाणी उधळली जातात. पावसाळ्यात काँक्रीटवर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्यांवरून दुचाकी घसरते, हे कोणत्याही दुचाकीस्वाराला विचारावे. ही नाणी वेचायला रस्त्यात धावणारी मुले तर अनेकांनी पाहिली असतील.

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा या गावांतून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दर रविवारी याची कसोटी लागते. एकीकडे समुद्रकिनाऱ्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या, त्यांतली गाणी, दुसरीकडे गावातली मयत. पर्यटकाला हे गाव आहे हेच ठाऊक नसते. त्याच्या लेखी तो किनाऱ्याकडे जाणारा रस्ता. गावकऱ्याला पर्यटक हा उपरा. दोघांच्या मध्ये एक अरुंद रस्ता. अशा ठिकाणी दोन-चार गावकऱ्यांनीच पुढे जाऊन, शिट्टी न वाजवता आणि काठी न उगारता, गाडीवाल्याला खिडकीशी जाऊन सांगितले की 'मयत येतेय, जरा बाजूला घ्या, गाणं बंद करा', तर शंभरातले नव्वद ऐकतात. हे काम कोणी तरी आपणहून अंगावर घ्यावे लागते. पूर्वी गावात असे एक-दोन जण असतच. तिरडी बांधणे, लाकडे मोजणे, वाट मोकळी करणे ही त्यांची न सांगता घेतलेली जबाबदारी असे.

अमेरिकेतील अनेक राज्यांत अंत्ययात्रेतील मोटारींच्या रांगेत घुसण्यास कायद्याने बंदी आहे. रांगेतील गाड्या दिवे लावून चालतात, म्हणजे इतरांना ओळखू येते. आपल्याकडे अंत्ययात्रा पायी असते आणि रांगेऐवजी गर्दी असते, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. मात्र त्यातला एक मुद्दा घेण्याजोगा आहे : मागच्या वाहनाला पुढे काय चालले आहे ते आधी कळले पाहिजे. शववाहिकेच्या मागे ठळक अक्षरे आणि मंद दिवा, आणि पायी चालणाऱ्यांच्या शेवटी एखाद्याच्या हाती पांढरा झेंडा, एवढ्याने पहिला हॉर्न बराचसा टळेल.

उरलेले काम महापालिका आणि वाहतूक पोलिसांचे. त्यासाठी नवे खाते, नवा निधी लागणार नाही. कोणताही अंत्यविधी अचानक होत नाही. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला लागतो, रुग्णालयात झाला तर तेथील कागद. नातेवाईक स्मशानात किंवा कब्रस्तानात आधी येऊन वेळ ठरवतात, नोंद करतात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याने स्मशानाची व्यवस्था पाहणाऱ्यावरही मृत्यूची माहिती कळवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे कोणत्या वस्तीतून, किती वाजता, कोणत्या स्मशानात यात्रा जाणार, हे पालिकेच्याच माणसाला दोन-तीन तास आधी माहीत असते. कब्रस्तानांत तर वेळ बहुधा नमाजाला बांधलेली असते. ही माहिती एका दूरध्वनीने वाहतूक चौकीला कळवली, आणि शेवटच्या चौकातला सिग्नल एका वाहतूक रक्षकाने तीन मिनिटे हाताने चालवला, की यात्रा पुढे जाते आणि रिक्षांची रांगही मोकळी होते. गणेशोत्सवात दहा दिवस आणि अतिविशिष्ट व्यक्तींच्या ताफ्यासाठी वर्षभर हेच केले जाते.

राहिला तो स्मशानांच्या फाटकाबाहेरचा टप्पा. तेथील वाहने उभी करण्यास मनाईचे फलक लावणे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणे, पदपथ सलग आणि दोन खांदेकरी शेजारी चालू शकतील एवढा रुंद ठेवणे, आणि वाटेत कडेला एक साधा ओटा बांधणे, यांचा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून कमी येईल. शहरातील रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची कामे गेली काही वर्षे टप्प्याटप्प्याने चालू आहेत. ज्या रस्त्यांच्या कडेला स्मशाने आणि दफनभूमी आहेत, त्यांच्या नकाशांवर ही आखणी काम सुरू होण्यापूर्वी करावी लागेल. काँक्रीट ओतल्यावर पदपथ वाढवायचा तर तो फोडावा लागतो, आणि फोडलेला रस्ता या शहरात किती दिवसांत पूर्ववत होतो, याचा अनुभव सर्वांनाच आहे.